प्रहर ओळखणारी प्लेलिस्ट

ज्यांच्या संगणकावर शास्त्रीय संगीताचा मोठा साठा आहे, त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘सगळी रेकॉर्डिंग एका फोल्डरमध्ये टाकली आहेत. पण सकाळी प्लेअर लावला की दरबारी सुरू होतो आणि रात्री जेवायला बसलो की तोडी. याला वेळ कळत नाही का?’

वेळ कळते. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालूच असतं. गाणी कुठे ठेवली आहेत हेही प्लेअरला ठाऊक असतं. त्याला ठाऊक नसतं ते एवढंच, की अमुक फाईल यमनची आहे आणि यमन संध्याकाळी ऐकतात. या दोन गोष्टी त्याला बाहेरून सांगाव्या लागतात. त्या सांगण्यासाठी प्लेअरला जोडायचा जो छोटा प्रोग्राम लिहितात, तो म्हणजे प्लगइन.

या प्रकरणात आपण असं एक प्लगइन कागदावर उभं करू. प्लेअर घेऊ व्हीएलसी, तो नारिंगी शंकूचं चिन्ह असलेला. तो फुकट मिळतो, आणि त्याची प्लगइन साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिता येतात. प्रोग्रामिंग येत नसेल तरी वाचायला हरकत नाही. सगळा कोड जेमतेम पन्नास-साठ ओळींचा होतो. खरा वेळ खातात ती रागांची नावं, पण त्यांच्याकडे येऊच.

१. यादीत गाणं नसतं

प्लेलिस्ट उघडून पाहिली आहे का? म्हणजे वाजवून नव्हे, नोटपॅडमध्ये. सर्वांत जुन्या आणि अजूनही चालणाऱ्या प्रकाराचं नाव एम३यू. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या विनप्ले३ या प्लेअरसाठी तो निघाला आणि १९९७ साली आलेल्या विनॲम्पने तो घरोघरी पोचवला. अशी फाईल उघडली की साधारण हे दिसतं (प्रत्यक्षात खुणांची आणि फायलींची नावं रोमन लिपीत असतात):

#एक्सटीएम३यू
#एक्सटीइन्फ:१५१२,भीमसेन जोशी - यमन
संगीत/यमन/०१.एमपी३

पहिली ओळ सांगते, ही यादी आहे. दुसरीत सेकंद आणि पडद्यावर दाखवायचं नाव. १५१२ सेकंद म्हणजे २५ मिनिटं १२ सेकंद. तिसरी ओळ म्हणजे फाईलचा पत्ता. पुढच्या गाण्यासाठी पुन्हा अशाच दोन ओळी. संपलं.

यात आवाजाचा कणही नाही. म्हणूनच एक गाणं दहा याद्यांत असलं तरी डिस्कवर ते एकदाच जागा घेतं, यादी पुसली तरी गाणं शाबूत राहतं आणि फोल्डर हलवलं की यादी मुकी होते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढेच आहे. यादी म्हणजे मजकूर असेल, तर यादी बदलणारं प्लगइनही फक्त मजकुराशी खेळणार. त्याला एमपी३ म्हणजे काय, आवाज स्पीकरपर्यंत कसा जातो, यातलं काहीच कळायची गरज नाही. संगीताच्या प्लेअरसाठी लिहायच्या प्रोग्रामांत प्लेलिस्टचं प्लगइन सर्वांत सोपं असतं ते यामुळे.

जाता जाता एक गोष्ट. मोबाइलवर क्रिकेटचा सामना थेट पाहता, तेव्हा अनेकदा पडद्यामागे याच एम३यूचा धाकटा भाऊ, एम३यू८, काम करत असतो. ॲपलने २००९ साली आणलेल्या पद्धतीत चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांच्या पत्त्यांची यादी या प्रकारात पाठवतात. साध्या मजकुराची यादी किती दूर जाऊ शकते, बघा.

२. तीस बाइटांत भीमसेन

मग फाईल यमनची आहे हे कुठे लिहायचं? गाण्याच्या फाईलला चिकटवलेली माहिती असते, तिला टॅग म्हणतात. एमपी३ फाईलींना १९९६ साली एरिक केम्प यांनी पहिला टॅग जोडला. नाव आयडी३. फाईलच्या शेवटी बरोबर १२८ बाइट. त्यांची वाटणी अशी: ‘टॅग’ या रोमन खुणेला ३, गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३०, आणि संगीतप्रकाराला फक्त १. बेरीज करून पाहा, १२८ भरते.

शेवटचा एक बाइट म्हणजे ठरलेल्या यादीतला एक क्रमांक. मूळ यादीत ८० प्रकार होते. त्यात पोल्का होता, ॲसिड जॅझ होता, ‘प्रँक्स’ म्हणजे चक्क खोड्यांनाही एक घर होतं. हिंदुस्थानी संगीत नव्हतं. राग लिहायची जागा नव्हतीच.

नावांचं काय? रोमन लिपीतलं एक अक्षर एका बाइटात मावतं. आज संगणकांवर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे काना-मात्रा-वेलांटीही स्वतंत्र मोजायच्या. ‘भीमसेन जोशी’ घ्या. भ, दीर्घ वेलांटी, म, स, मात्रा, न ही सहा. ज, ओकार, श, दीर्घ वेलांटी ही चार. दहा चिन्हांचे ३० बाइट आणि मधल्या रिकाम्या जागेचा १. एकूण ३१. जागा ३०! शेवटच्या वेलांटीचे तीनपैकी दोनच बाइट आत जातात, आणि पडद्यावर ‘भीमसेन जोश’पुढे एक चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं. जुन्या रेकॉर्डिंगची नावं रोमन लिपीत आणि अर्धवट का दिसतात, त्याचं हे एक मोठं कारण.

१९९८ साली आलेल्या आयडी३च्या दुसऱ्या आवृत्तीने ही कोंडी फोडली. तिचा टॅग फाईलच्या सुरुवातीला बसतो, हवा तेवढा वाढतो आणि त्यात स्वतःच्या नावाचा रकानाही उघडता येतो. फ्लॅक आणि ऑग या प्रकारांत तर कुठलंही नाव देऊन काहीही लिहिता येतं. म्हणजे ‘राग’ नावाचा रकाना आज करता येतो. पण तो भरलेला सापडतो क्वचितच, आणि आपण लिहिणार आहोत त्या जातीच्या प्लगइनला गाण्याच्या आतला टॅग दिसतही नाही. तेव्हा टॅगचा नाद सोडू. रागाचं नाव आपण आपल्याच यादीत लिहू.

३. विचारलं की सांगायचं

व्हीएलसी १९९६ साली पॅरिसच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेत विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून सुरू झाला आणि फेब्रुवारी २००१ मध्ये त्याचा कोड सर्वांना खुला झाला. त्याचं पोट सी भाषेत लिहिलेलं आहे. पण प्लगइन लिहिणाऱ्याने त्या पोटात हात घालू नये, म्हणून त्यात लुआ ही एक चिमुकली भाषा बसवली आहे. लुआ १९९३ साली रिओ दी जानेरोच्या एका विद्यापीठात जन्मली. दुसऱ्या प्रोग्रामच्या आत राहण्यासाठीच ती घडवली आहे, त्यामुळे ती लहान, जलद आणि कमी नखऱ्याची आहे.

नवशिक्याचा पहिला गोंधळ इथे होतो. त्याला वाटतं, माझा प्रोग्राम वरून खाली चालत जाईल आणि प्लेअरला हुकूम सोडेल. प्रत्यक्षात उलटं घडतं. सत्यनारायणाच्या पूजेला बसलेला यजमान आठवा. पूजा त्याच्या घरची, पण कधी पळीभर पाणी सोडायचं, कधी अक्षता वाहायच्या, कधी ‘मम’ म्हणायचं हे सगळं गुरुजी सांगणार. मधल्या वेळात यजमानाने गप्प बसायचं. प्लगइन हा यजमान आहे आणि प्लेअर हे गुरुजी. ठरलेल्या क्षणी ठरलेल्या नावाने प्लेअर हाक मारतो, आपण तेवढंच करतो आणि हात जोडून बसतो.

आपल्या जातीच्या प्लगइनला व्हीएलसी दोनच हाका मारतो. पहिलीचं नाव प्रोब: ‘ही फाईल तुझी का?’ उत्तर हो किंवा नाही. हो म्हटलं तर दुसरी हाक, पार्स: ‘मग वाच आणि गाणी सांग.’ उत्तर म्हणून गाण्यांची यादी द्यायची. या दोन कामांची नावं कोडमध्ये छोट्या रोमन अक्षरांत अशीच लिहावी लागतात. स्पेलिंग चुकलं तर हाक पोचतच नाही.

४. पहिली हाक: ही फाईल तुझी का?

आपण एक साधी मजकूर फाईल करू. प्रत्येक ओळीत पाच गोष्टी, मध्ये उभी रेघ:

यमन | डी:/संगीत/यमन/०१.एमपी३ | विलंबित व द्रुत | भीमसेन जोशी | १५१२

राग, पत्ता, शीर्षक, कलाकार, सेकंद. या फाईलला नाव देऊ ‘घरचे’ आणि त्यापुढे टिंब देऊन शेपूट ‘प्रहर’. शेपूट मात्र रोमन लिपीत लिहा, कारण फाईलचा पत्ता प्लगइनपर्यंत वेब-पत्त्याच्या रूपात येतो. त्या रूपात देवनागरीचा प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. ‘प्रहर’मध्ये प, हलन्त, र, ह, र अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट, म्हणजे ४५ अक्षरांची टक्केवारी. ती ताडून पाहता येते, पण कशाला?

तर प्रोब दोन गोष्टी तपासतो: फाईल आपल्याच संगणकावरची आहे का, आणि पत्त्याचा शेवट त्या शेपटाने होतो का. दोन्ही हो, तर हो.

हे काम दोन ओळींचं आहे, पण निष्काळजीपणे लिहू नका. व्हीएलसी आधी तुमच्या खाजगी फोल्डरातली प्लगइन वर्णक्रमाने विचारतो, मग स्वतःबरोबर आलेली. कुठलीही फाईल उघडली तरी ही विचारपूस होते. तुमचा प्रोब सरसकट हो म्हणत बसला, तर उद्या साधं एमपी३ उघडलं तरी ते तुमच्या पार्सच्या हातात जाईल. ते बिचारं त्यात उभ्या रेघा शोधत बसेल, आणि वाजणार काहीच नाही.

५. दुसरी हाक: गाणी सांग

पार्समध्ये एक ओळ वाचा, रेघांवर तोडा, राग कोणता ते पाहा, आत्ताच्या प्रहरात बसत असेल तर ठेवा, नसेल तर सोडा. ओळी संपेपर्यंत हेच. ओळ वाचून द्यायचं तयार काम व्हीएलसीकडे आहे, त्याचं नाव रीडलाइन. ओळी संपल्या की ते रिकामं उत्तर देतं आणि आपण थांबतो.

ठेवलेल्या प्रत्येक गाण्यासाठी व्हीएलसीला एक छोटा तक्ता हवा असतो. त्यात पाथ म्हणजे पत्ता अत्यावश्यक. नेम, आर्टिस्ट, ड्युरेशन असे बाकीचे रकाने ऐच्छिक. पत्ता पुन्हा त्या वेब-रूपात द्यायचा असतो. साध्या पत्त्याचं रूपांतर करून देणारं तयार काम आहे, ते वापरा. हातांनी टक्के लिहिण्यात शहाणपण नाही.

आता घड्याळ. दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा, पहिला सकाळी सहाला सुरू. लुआकडून आत्ताचा तास ० ते २३ या आकड्यांत मिळतो. त्यातून ६ वजा करा, २४ मिळवा, २४ने भागून बाकी घ्या. त्या बाकीला ३ने भागून अपूर्णांक टाका, आणि १ मिळवा.

संध्याकाळचे सात, म्हणजे १९. १९ वजा ६ बरोबर १३. त्यात २४ मिळवून २४ने भागलं की बाकी पुन्हा १३. तीनने भागून ४, अधिक १, पाचवा प्रहर. यमनची वेळ. मध्यरात्रीनंतरचे दोन? २ वजा ६ म्हणजे उणे ४, त्यात २४ मिळवून २०, भागून ६, अधिक १, सातवा प्रहर. ते २४ मिळवलेत ते याच उण्यासाठी.

राहिला राग आणि प्रहर यांचा जोडतक्ता. तो एकदाच, प्लगइनच्या डोक्यावर लिहायचा: भैरव १, तोडी २, वृंदावनी सारंग ३, मुलतानी ४, भीमपलासी ४, यमन ५, बागेश्री ६, मालकंस ७, दरबारी ७, ललत ८, अशा ओळी. वेळेबद्दल घराण्यांत मतभेद आहेत आणि ते राहणारच. इथे तुमच्या गुरूंचं ऐका. तक्ता तुमचाच आहे.

कोडपेक्षा नावं जास्त वेळ खातात असं सुरुवातीला म्हटलं, ते इथे दिसतं. यादीत तुम्ही एकदा ‘भीमपलासी’ लिहिता आणि एकदा ‘भीमपलास’. एकदा ‘मालकंस’, एकदा ‘मालकौंस’. ‘मियाँ की तोडी’ चंद्रबिंदूने, ‘मियां की तोडी’ अनुस्वाराने, ‘मियाकी तोडी’ जोडून. ऐकणाऱ्याला सगळं एकच. संगणकाला ही वेगवेगळी नावं आहेत, आणि तक्त्यात न सापडलेला राग तो गुपचूप गाळतो. म्हणून न सापडलेलं प्रत्येक नाव कुठेतरी नोंदवणारी एक ओळ पहिल्याच दिवशी घाला. नाहीतर तुमची निम्मी तोडी कधीच वाजणार नाही, आणि तुम्ही घड्याळाच्या सूत्रात चूक शोधत बसाल.

६. सूत्रात न बसणारे

विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनी रागांच्या वेळांची संगती लावायचा मोठा खटाटोप केला. वादी स्वर सप्तकाच्या पूर्वार्धात आहे की उत्तरार्धात, कोमल-तीव्र कोणते, यावरून वेळ सांगायचे नियम त्यांनी मांडले. त्या नियमांनाही अपवाद आहेतच, आणि प्रोग्राम लिहायला बसलं की ते एकेक करून दारात उभे राहतात.

पहिली भैरवी. शास्त्राने ती सकाळची. मैफलीत ती शेवटी येते, मग वाजले कितीही असोत. भैरवी झाली की लोक चपला शोधायला उठतात. तेव्हा जोडतक्त्यात भैरवीला प्रहर देऊ नका. ओळी वाचताना भैरवी आली की ती वेगळ्या पिशवीत टाका, आणि यादी पूर्ण झाल्यावर त्यातली एकच काढून सर्वांत शेवटी ठेवा. व्हीएलसीचं स्वतःचं सरमिसळीचं बटण त्या वेळी बंद हवं, नाहीतर तो तुमची भैरवी मधेच लावून मोकळा होईल.

दुसरे मल्हार. मियाँमल्हार, गौडमल्हार, मेघ हे पावसाळ्यात केव्हाही चालतात. इथे तास नव्हे, महिना विचारायचा. महिना ६ ते ९ असेल तर प्रहर न पाहता आत घ्या. वसंत आणि बहारसाठी असाच ऋतूचा नियम करता येईल. पण जूनमध्ये सगळे मल्हार प्रत्येक यादीत घुसले तर यमनला जागा उरत नाही, हे चालवून पाहिल्यावर कळतं. ‘एका यादीत मल्हार फार तर दोन’ अशी एक ओळ घातलेली बरी.

तिसरी अडचण सूर्याची. आपण सहाला सूर्योदय धरला. मुंबईत जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो. लंडनला राहणाऱ्याची पंचाईत तर मोठीच, कारण तिथे जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री नवानंतर. सूत्र बागेश्रीच्या प्रहरात पोचलेलं आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन! मारवा, पूरिया यांसारख्या मावळतीच्या रागांना ते चालत नाही. अक्षांश-रेखांशांवरून सूर्यास्त काढायची सूत्रं आहेत आणि ती लुआत लिहिता येतात, पण पहिल्या प्रयत्नात त्या वाटेला जाऊ नये. महिन्याप्रमाणे सहाच्या जागी घ्यायच्या वेळेचा बारा आकड्यांचा तक्ता पुरतो.

७. तीच तीच गाणी का?

प्रहराची गाणी निवडली, आता क्रम रोज वेगळा हवा. म्हणजे पिसणं आलं. ‘शफल केलं तरी तीच तीच गाणी लागतात’ ही तक्रार सगळ्यांचीच असते आणि तिची कारणं निदान तीन आहेत.

पहिलं कारण चुकीची पिसणी. सहज सुचणारी रीत अशी: प्रत्येक जागेवरचं गाणं उचला आणि सगळ्या जागांपैकी कुठल्याही एकीशी अदलाबदल करा. तीन गाण्यांवर ही रीत लावली तर तीन वेळा तीन पर्याय, म्हणजे २७ वाटा. तीन गाण्यांचे क्रम मात्र सहाच. २७ला ६ने पूर्ण भाग जात नाही, तेव्हा सहाही क्रमांना सारखा वाटा मिळणं शक्यच नाही. मोजून पाहिलं तर तीन क्रमांना पाच-पाच वाटा येतात आणि तिघांना चार-चार. योग्य रीत फिशर आणि येट्स यांनी १९३८ साली कागद-पेन्सिलीसाठी दिली आणि १९६४ साली डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकाला सोयीची केली. शेवटच्या जागेसाठी सगळ्यांतून एक निवडा आणि ते तिथे पक्कं करा. मग त्याच्या आधीच्या जागेसाठी उरलेल्यांतून एक. असंच पुढे. वाटा होतात ३ × २ × १, म्हणजे ६. सहा क्रम, सहा वाटा.

दुसरं कारण बीजाचं. संगणकाचे यादृच्छिक आकडे खरे यादृच्छिक नसतात. एका सुरुवातीच्या आकड्यातून, म्हणजे बीजातून, ते हिशेबाने निघतात. लुआच्या ५.४ पूर्वीच्या आवृत्त्यांत बीज दिलं नाही, तर प्रत्येक वेळी तेच बीज धरलं जातं आणि रोज हुबेहूब तोच ‘वेगळा’ क्रम येतो. पिसण्याआधी घड्याळातले सेकंद बीज म्हणून द्यायचे, की भागलं.

तिसरं कारण आपल्या डोक्यात आहे. पाच रेकॉर्डिंग घ्या, त्यातली दोन किशोरी आमोणकरांची. पाच जणांचे १२० क्रम होतात, आणि त्यातल्या ४८ क्रमांत ती दोन शेजारी-शेजारी येतात. म्हणजे शंभरात चाळीस वेळा! निखळ यादृच्छिक पिसणीत हे व्हायचंच, पण आपल्याला वाटतं प्लेअर पक्षपाती आहे. या तक्रारींना कंटाळून स्पॉटिफायने २०१४ साली आपली पिसणी बदलल्याचं जाहीर केलं आणि एकाच कलाकाराची गाणी मुद्दाम दूर-दूर ठेवायला सुरुवात केली. आपल्या प्लगइनमध्ये मी ते करणार नाही. एकाच गायिकेचे दोन यमन लागोपाठ ऐकण्यात वाईट काय आहे?

८. चालत नाही तेव्हा

लिहिलेली फाईल लुआच्या शेपटाने जतन करायची. विंडोजवर ॲपडेटा फोल्डरात व्हीएलसी, त्यात लुआ, त्यात प्लेलिस्ट, अशा ठिकाणी ती ठेवायची. शेवटचे फोल्डर नसतील तर करायचे. मग प्रहरची फाईल व्हीएलसीने उघडायची. बहुधा पहिल्यांदा काहीच होणार नाही.

कंट्रोल आणि एम दाबा. संदेशांची खिडकी उघडते. तिथला तपशिलाचा आकडा २ करा. प्लगइनमधून तुम्ही लिहिलेल्या नोंदी, न सापडलेल्या रागांची नावं, लुआची कुरकूर, सगळं तिथे वाहत जातं. नेहमीचा एक चोर असा: पहिल्या ओळीचा राग कधीच सापडत नाही, बाकी सगळं ठीक. नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्या यूटीएफ-८ फाईलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट ठेवत असत. त्यामुळे पहिला ‘यमन’ हा तीन बाइट जास्तीचा यमन असतो. ते तीन बाइट आले तर कापून टाका.

आणखी एक. लुआची तयार कामं प्लगइनला मोकळी असतात, आणि त्यात फाईल पुसण्याचं कामही आलं. म्हणून दुसऱ्या कुणाचं प्लगइन मिळालं तर बसवण्याआधी उघडून वाचा. साधा मजकूर आहे, वाचता येतो.

९. नऊ वाजले तरी यमनच

सगळं जमल्यावर एक गोष्ट लक्षात येते. पावणेनऊला फाईल उघडली तर रात्री साडेदहालाही यमनच चालू असतो. कारण पार्सची हाक फाईल उघडताना एकदाच येते. त्यानंतर प्लगइन घड्याळाकडे पाहत नाही, पाहूही शकत नाही.

याला दोन उत्तरं आहेत. पहिलं, यादीच प्रहरापुरती करा. सेकंदांचा पाचवा रकाना यासाठीच ठेवला होता. समजा सात चाळीसला फाईल उघडली. पाचवा प्रहर नऊला संपतो, हातात ८० मिनिटं. पिसलेल्या क्रमाने पहिलं रेकॉर्डिंग ५२ मिनिटांचं, उरली २८. पुढचं ३१ मिनिटांचं, मावत नाही, सोडा. त्यापुढचं २४, घ्या, उरली ४. इथे ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या कामाला येतात. त्यांची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांची असते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अशा तबकड्या साठ्यात असतील, तर ती फट भरायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. भैरवीची मिनिटं मात्र आधीच बाजूला काढून ठेवा, नाहीतर तिलाच जागा उरणार नाही.

दुसरं उत्तर म्हणजे वेगळ्या जातीचं प्लगइन. व्हीएलसीत त्याला एक्स्टेन्शन म्हणतात आणि त्याचं फोल्डरही निराळं. त्याला हाका जास्त येतात: तू कोण, सुरू हो, बंद हो, आणि आपण आधी सांगून ठेवलं असेल तर गाणं बदललं की प्रत्येक वेळी एक. त्या शेवटच्या हाकेला प्रहर मोजायचा आणि बदलला असेल तर पुढची गाणी नव्या प्रहरातून भरायची. जोडतक्ता, सूत्र, पिसणी, सगळं जसंच्या तसं तिथे उचलून नेता येतं. एक कटकट मात्र आहे. एक्स्टेन्शन आपणहून सुरू होत नाही. व्हीएलसी उघडला की दर वेळी ‘व्ह्यू’च्या यादीत जाऊन त्यावर टिचकी मारावी लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हे करत असाल तर पहिलाच मार्ग बरा. पडद्यावर प्रहरची फाईल ठेवून द्यायची, दोनदा टिचकी मारली की वाजायला लागते.